पिक्चर कसा आहे जी?

पाहून आलेल्या चित्रपटाबद्दल बोलताना माणूस दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतो आणि बहुतेक वेळा त्या एकमेकींत मिसळून टाकतो. स्वतःला चित्रपट कसा वाटला, हे झाले मत. समोरच्याने तो पाहावा की नाही, ही झाली शिफारस. मत देण्यासाठी चित्रपट पाहिलेला असला की पुरते. शिफारस करायची तर ऐकणारा माणूसही ओळखावा लागतो. मारामारीने भरलेला चित्रपट एखाद्या पोराला मनापासून आवडलेला असतो, पण आजीने विचारले की तोच म्हणतो, ‘तुमच्या कामाचा नाही तो.’ त्यात खोटेपणा काही नाही. भंडाऱ्याकडे ‘पिक्चर कसा आहे जी?’ असे कोणी विचारतो, तेव्हा त्याला समीक्षा नको असते. जायचे की नाही, घरातल्या कोणाला न्यायचे, आजच जायचे की थांबले तरी चालेल, एवढेच त्याला हवे असते.

भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाला वजन आहे ते अंतरामुळे. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके, 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 12 लाख आणि त्यातली बहुतांश खेड्यांत. मोठे मल्टिप्लेक्स पाहायचे तर नागपूर गाठावे लागते. भंडारा शहरापासून ते साठेक किलोमीटर आहे. साकोली-लाखांदूरकडून त्याहून बरेच दूर. चौघांचे कुटुंब निघाले की तिकिटे, बसभाडे किंवा पेट्रोल, मध्यंतरातले खाणे आणि पूर्ण दिवस असा हिशेब होतो. रोवणी किंवा धानाच्या कापणीच्या दिवसांत तर पैसा असला तरी दिवस मिळत नाही. म्हणून चुकीची शिफारस इथे विसरली जात नाही. ‘त्याच्या सांगण्यावर गेलो होतो’ हे वाक्य वर्षभर ऐकावे लागते, आणि ज्याचे सांगणे दोन-तीनदा खरे ठरले त्याच्याकडे लोक आपणहून विचारायला येतात.

चित्रपट व्यवसायात हा भाग सी. पी. बेरार सर्किटमध्ये मोडतो. इंग्रजी अमदानीतल्या मध्य प्रांत व वऱ्हाडाचे हे नाव प्रांत मोडून अनेक दशके झाली तरी वितरकांच्या वह्यांत टिकून राहिले. अमरावती हे या सर्किटचे जुने आणि मोठे केंद्र. फिल्मच्या रिळांचा जमाना होता तोवर प्रत्येक चित्रपटाच्या प्रती मोजक्याच निघत. त्या आधी मोठ्या शहरांत लागत, तिथला गल्ला आटला की जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत. तोवर फिल्मवर ओरखडे पडलेले असत, मधले तुकडे गळालेले असत. चित्रपट उशिरा येई, पण त्याची बातमी फार आधी आलेली असे. नागपूरला शिकणारा पोरगा सुट्टीत घरी आला की आधी त्याला विचारणा होई. जावई, कारखान्यातला कामगार, बाजाराला गेलेला व्यापारी हे सगळे त्या बातमीचे वाहक.

त्या काळी मत देणे आणि गोष्ट सांगणे यांत फारसा फरक नसे. जो पाहून आला तो अथपासून इतिपर्यंत सांगे. नायकाची एन्ट्री कशी झाली, खलनायक कुठे उभा होता, पाऊस कधी लागला, कोणते गाणे कशानंतर आले, हे सगळे हातवाऱ्यांसकट. ऐकणाऱ्यांतले कित्येक तो चित्रपट कधीच पाहणार नसत. त्यांच्यासाठी सांगणारा हाच पडदा. बांधीत (धानाच्या शेतात) वाकून पऱ्हे (रोपे) लावताना, चुरण्याच्या (मळणीच्या) रात्री खळ्यावर जागताना अशा कथनाला वेळच वेळ मिळे. ‘शोले’सारख्या चित्रपटाचे संवाद ध्वनिमुद्रिकांवर निघाले आणि लग्नाच्या मांडवातल्या भोंग्यांवरून वाजू लागले, तेव्हा चित्रपट न पाहिलेल्यांनाही गब्बरचे बोलणे तोंडपाठ झाले.

‘शोले’चे उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. 15 ऑगस्ट 1975 ला तो लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत व्यवसायातल्या जाणकारांनी तो पडला असेच मानले होते. वर्तमानपत्रांतले सूरही फार अनुकूल नव्हते. शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा, असा विचार निर्मात्यांकडे सुरू झाला. मग पाहून आलेले लोक बोलू लागले, गर्दी वाढत गेली आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या ‘जय संतोषी माँ’ची कथा तर याहून बोलकी आहे. लहान खर्चाचा, बड्या ताऱ्यांशिवायचा हा चित्रपट बायकांनी बायकांना सांगून मोठा केला. शुक्रवारचे व्रत करणाऱ्या घरांतून ती शिफारस फिरली आणि लोक चपला बाहेर काढून चित्रपटगृहात शिरू लागले. कोणत्याही जाहिरातीला हे साधले नसते. सांगणारीने तिथे ‘चित्रपट चांगला आहे’ एवढेच सांगितले नव्हते; ‘तू गेलीच पाहिजेस’ असे सांगितले होते.

नेमके याच विषयावर अमेरिकेत एक जुना अभ्यास झाला आहे. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि एलिहू कॅट्झ यांनी इलिनॉय राज्यातल्या डिकेटर या गावातल्या सुमारे 800 स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक 1955 साली प्रसिद्ध केले. घरची खरेदी, कपड्यांची फॅशन, सार्वजनिक प्रश्न आणि चित्रपट या चार बाबतींत त्या कोणाचे ऐकतात, हे त्यात तपासले होते. प्रत्येक बाबतीत ऐकण्याजोगी माणसे वेगळी निघाली. खरेदीत मोठ्या कुटुंबातल्या अनुभवी गृहिणींचा शब्द चाले. चित्रपटांच्या बाबतीत तरुण, अविवाहित मुलींचा. कारण साधे होते: त्या सर्वांत जास्त चित्रपट पाहत. म्हणजे मत मागायला लोक गावातल्या सर्वांत मोठ्या माणसाकडे जात नाहीत, त्या विषयात मुरलेल्या माणसाकडे जातात. भंडाऱ्यातही जमिनीचा वाद घेऊन लोक ज्या बुजुर्गाकडे जातील, त्याच्याकडे पिक्चरचे विचारायला कोणी जात नाही.

मत देण्याची खरी शाळा मात्र या भागात सिनेमाआधीपासून भरते, ती झाडीपट्टीच्या नाटकांत. वैनगंगेच्या खोऱ्यातला भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा पट्टा दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांनी जागा असतो. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला आणि वेगळा, त्यामुळे पाहुणे या गावाहून त्या गावी जाऊ शकतात. दिवसा दुकाने, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक, जे नऊ-दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीची मोठी पेठ म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले वडसा. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत आणि गावची मंडळे तिथे जाऊन प्रयोग ठरवतात. 2023 साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव बाकीच्या महाराष्ट्राच्या कानावर पडले.

वडशाला गेलेले मंडळ नाटक कसे निवडते, हे पाहण्यासारखे आहे. पत्रकावरचे नाव आणि कलावंतांचे फोटो हा एक भाग. पण खरा आधार असतो तो मागच्या हंगामातल्या ऐकिवाचा. अमुक गावी पाहुणा म्हणून गेलेला कोणीतरी सांगतो की तिथे पब्लिक पहाटेपर्यंत हलले नाही. दुसरा सांगतो की तिसऱ्या अंकात लोक उठून घरी गेले. हे मत गोलमोल असून चालत नाही, कारण त्यावर गावाने गोळा केलेला पैसा लागणार असतो. म्हणून प्रश्नही नेमके विचारले जातात. बायांना बसवेल असे आहे का? कॉमेडी कोणाची आहे? गाणी किती? कोणत्या प्रवेशाला बाया रडल्या? प्रयोग संपल्यावर सकाळी चहाच्या टपरीवर होणारी चर्चा तर अधिक कसदार असते, कारण तिथे बसलेल्या सर्वांनीच नाटक पाहिलेले असते. आता कोणी कोणाला जा किंवा जाऊ नको असे सांगत नाही. कोणाचे काम उतरले, कोण पाठांतरात अडखळला, संवाद कुठे लांबला, यावर भांडण होते.

दंडारीत रामायणातली किंवा महाभारतातली कथा असली की पुढे काय होणार हे लहान पोरालाही ठाऊक असते. तरी लोक बसतात, आणि दुसऱ्या दिवशीचे मत रावणाचे काम करणाऱ्याच्या आवाजाविषयी असते, रावणाच्या शेवटाविषयी नसते. ‘काय झाले’ यापेक्षा ‘कसे केले’ याकडे पाहण्याची ही सवय समीक्षेची पहिली पायरी होय. ती या भागातल्या प्रेक्षकाला कोणत्याही पुस्तकाशिवाय लाभली आहे, आणि तिचे मोल अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही.

या जाणकारीची कसोटी लागेल असे काही चित्रपट अलीकडे येऊनही गेले. 2022 साली तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा मराठी चित्रपट आला. त्याचा विषयच झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या हा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला. नागपूरचे क्रीडा शिक्षक विजय बारसे आणि झोपडपट्टीतल्या मुलांचे फुटबॉल यांवरच्या त्या चित्रपटात अमिताभ बच्चन यांच्या शेजारी नागपूरच्या वस्त्यांतून निवडलेली पोरे होती. पुण्या-मुंबईच्या परीक्षणकर्त्याला त्यात एक सामाजिक विषय दिसतो. विदर्भातला प्रेक्षक आधी बोली ऐकतो: हे पोरगे आपल्यासारखे बोलते की नाही, शिवी योग्य जागी पडली की नाही. अशा चित्रपटाबाबत स्थानिक माणसाचे मत हे मोठ्या समीक्षकाच्या मतापेक्षा कमी दर्जाचे नसून वेगळ्या माहितीवर उभे असते, आणि दोन्ही मते ऐकणाऱ्याला चित्रपट अधिक पुरता कळतो.

चित्रपट न पाहिलेल्याशी बोलताना सर्वांत नाजूक भाग शेवटाचा. 29 एप्रिल 2016 ला आलेल्या ‘सैराट’चे उदाहरण घ्यावे. पहिल्या भागात विहिरीवरची मस्ती, चिठ्ठ्या, अजय-अतुल यांची गाणी. दुसऱ्या भागात परक्या शहरातला संसार. आणि मग शेवटची काही मिनिटे. ज्याला शेवट ठाऊक नाही तो पहिल्या भागात मोकळेपणी हसतो. ज्याला ठाऊक आहे तो त्याच हसण्यात धास्तावलेला असतो. दोघांनी एकच चित्रपट पाहिला असे म्हणवत नाही. म्हणून ‘सैराट’ची शिफारस करताना फार तर एवढे सांगता येते की शेवटपर्यंत उठू नको. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली असे दाखवले होते की शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना उलट थोड्या अधिक आवडल्या. पण तो निष्कर्ष लघुकथांबद्दलचा आहे. जिथे दिग्दर्शकाने धक्का हाच चित्रपटाचा अर्थ म्हणून ठेवला आहे, तिथे तो धक्का फोडण्याचा हक्क सांगणाऱ्याला नाही.

‘सैराट’च्या यशातही तोंडी शिफारशीचा वाटा मोठा होता. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला मागणी इतकी वाढली की मध्यरात्री आणि पहाटे तीनला खेळ लावावे लागले. 2023 च्या 30 जूनला आलेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने ‘जय संतोषी माँ’चाच रस्ता नव्याने दाखवला: भिशी, बचत गट, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी असे बायकांचे गट ठरवून एकत्र गेले आणि परत आल्यावर त्यांनी पुढच्या गटाला पाठवले.

मात्र या दोन चित्रपटांच्या वेळेपर्यंत शिफारशीला मिळणारी मुदत फार आखडली होती. 2005 नंतर उपग्रहामार्फत चित्रपट थेट चित्रपटगृहात पोहोचवण्याची सोय झाली आणि रिळांची वाट पाहणे संपले. मुंबईत लागतो त्याच शुक्रवारी चित्रपट जिल्ह्याच्या गावीही लागू लागला. प्रेक्षकासाठी हे फार चांगले झाले. पण पूर्वी शहरातून मत यायला महिने मिळत, ते आता तीन दिवसांवर आले. शुक्रवार ते रविवारचा गल्ला जाहिरातीचा आणि ताऱ्यांचा, सोमवारचा गल्ला लोकांच्या बोलण्याचा, असे व्यवसायात मानतात. कमी खेळ मिळालेल्या मराठी चित्रपटाला हा सोमवार फार जड जातो. पाहिलेले थोडे लोक इतरांना सांगेपर्यंत तो पडद्यावरून उतरलेला असतो. चांगला मराठी चित्रपट पाहिला तर त्याच रात्री चार जणांना सांगावे, असे कलावंत कळवळून म्हणतात ते यासाठी.

दूरचित्रवाणीच्या काळात याच्या अगदी उलट स्थिती होती. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर लागणारा चित्रपट अख्खे गाव एकाच संचासमोर बसून पाही. सोमवारी शिफारस करायला कोणी उरलेलाच नसे. उरे ती चर्चा. पुढे भाड्याचा व्हिडिओ आला. शारदोत्सवात किंवा लग्नाच्या रात्री तीन-चार कॅसेट आणायच्या तर कोणत्या, यावर मंडळात खल होई, आणि चुकीची कॅसेट आणणाऱ्याला पहाटेपर्यंत बोलणी खावी लागत. ओटीटीवर आता हजारो चित्रपट हाताशी आहेत, अंतरही नाही. अडचण निवडीची आहे.

ती सोडवायला यंत्रे पुढे आली. नेटफ्लिक्सने ऑक्टोबर 2006 मध्ये एक स्पर्धा जाहीर केली: प्रेक्षक कोणत्या चित्रपटाला किती तारे देईल याचा अंदाज कंपनीच्या पद्धतीपेक्षा 10 टक्के अचूक करून दाखवणाऱ्याला 10 लाख डॉलर. त्यासाठी 17,770 चित्रपटांना मिळालेली 10 कोटींहून अधिक गुणांकने खुली केली गेली. 2009 साली बक्षीस दिले गेले. तत्त्व सोपे आहे: ज्यांची आवड आजवर तुमच्याशी जुळली, त्यांना आवडलेले तुम्हाला सुचवायचे. पण यंत्राला हे कळत नाही की आज घरी पाहुणे आहेत, किंवा नुकतेच दुःख झालेल्या घरात अमुक विषयाचा चित्रपट लावू नये. शेजाऱ्याला कळते. 2017 मध्ये नेटफ्लिक्सने तारे काढून आवडले-नावडले अशी अंगठ्याची खूण आणली, कारण तारे देताना लोक गंभीर चित्रपटांना मान देत आणि रात्री पाहत वेगळेच काही.

आकड्यांवर विसंबताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 साली 14,000 हून अधिक लोकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. अपरिचित वाद्यवृंदांची 48 गाणी त्यांनी लोकांपुढे ठेवली. काहींना फक्त गाणी दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटून आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले तेही दाखवले. जिथे इतरांची निवड दिसत होती तिथे लोकप्रिय गाणी फारच लोकप्रिय झाली, आणि वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर गेली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट वर आली नाहीत; मधल्या सगळ्यांचे नशीब पहिल्या काहींच्या पसंतीवर ठरले. चित्रपटाच्या पहिल्या दिवशीचे तारे पाहताना हा प्रयोग आठवावा. शिवाय गुण द्यायला येतात ते मुख्यतः फार खूश झालेले किंवा फार चिडलेले. ‘ठीक होता’ म्हणणारा घरी झोपतो.

पैसे घेऊन दिलेले मत ही वेगळी आणि खरी चिंतेची बाब. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणले, आणि जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने समाजमाध्यमांवर मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्यांनी तसे उघड सांगावे, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. उलट बाजूने, चित्रपट पाडण्यासाठी ठरवून वाईट लिहिण्याचा प्रश्न केरळ उच्च न्यायालयापुढे आला. तिथे न्यायमित्राने प्रदर्शनानंतर 48 तास परीक्षण टाकू नये, अशी सूचना केली होती. प्रेक्षकाच्या बोलण्याला अशी मुदत घालणे मात्र बरोबर नाही. ज्याने तिकीट काढले त्याला बाहेर येताच बोलण्याचा अधिकार आहे.

शिफारशीबरोबर ‘लिंक पाठव’ ही मागणीही आता येते. तिथे मात्र कायदा कडक आहे: चित्रपटगृहात चोरून चित्रीकरण करणाऱ्याला 2023 च्या सुधारित कायद्यानुसार तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड होऊ शकतो. मुलांसाठी विचारणाऱ्याला प्रमाणपत्राची खूण सांगणे अधिक उपयोगी. 2024 च्या नियमांनी यूए वर्गाचे 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन भाग केले आहेत, त्यामुळे ‘पोरांना चालेल का?’ याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते. उरलेले निम्मे पाहून आलेल्याने द्यायचे: लांबी किती, मध्यंतरानंतर रेंगाळतो का, कोणता प्रसंग लहानग्यांना घाबरवेल.

पाहिलेल्यांनी पाहिलेल्यांशी बोलण्यालाही महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. मुंबईत 1968 साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने चित्रपट दाखवून चर्चा करण्याची रीत रुजवली आणि ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिकही चालवले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर यांनी ‘पथेर पांचाली’ दृश्यामागून दृश्य थांबवत शिकवून चित्रपट रसास्वादाची एक पिढी घडवली. अशा चर्चेत ‘आवडला’ यावर थांबता येत नाही. कॅमेरा कुठे होता, आवाज कुठे बंद झाला, हे बोट ठेवून दाखवावे लागते. तालुक्याच्या वाचनालयात तीस-चाळीस खुर्च्या, एक प्रोजेक्टर आणि पांढरी भिंत एवढ्यावरही हे चालू शकते. सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकाची परवानगी मात्र आधी घ्यावी लागते, आणि चर्चेसाठी अर्धा तास राखून ठेवावा लागतो, कारण शेवटची बस गाठणारे सर्वांत आधी उठतात.